भिंती रंगवल्यात, आता बांधायला पैसे द्या

एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या मुख्य विश्वस्तांस खुले पत्र

विश्वस्त महोदय,

सप्रेम नमस्कार लिहावा असं तुम्ही काही केलेलं नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

घरकाम करणाऱ्या 64 बायकांच्या नियोजित सहकारी गृहनिर्माण संस्थेची मी मुख्य प्रवर्तक. तीन वर्षांत आम्ही सात वेळा तुमच्या कार्यालयात आलो आणि दर वेळी एका दिवसाचा पगार बुडवला. पहिल्यांदा तुम्ही प्रस्ताव इंग्रजीतून मागितलात. मग तीन वर्षांचे ताळेबंद मागितलेत, तेही अजून नोंदणीच न झालेल्या संस्थेचे. मग म्हणालात, सातबारा संस्थेच्या नावावर हवा. अहो, जागेच्या विसारासाठीच तर तुमच्या दारात आलो होतो! जागामालक म्हणतो, आधी विसार द्या. बँक म्हणते, आधी जागा दाखवा. तुम्ही म्हणता, आधी बँकेचं पत्र आणा. तिघांत पैसा फक्त तुमच्याकडे पडून आहे, आणि तोही समाजासाठी म्हणूनच बाजूला काढलेला.

शेवटचं उत्तर तर कहर होतं. घर ही खासगी मालमत्ता, तिला दानाचा पैसा देता येत नाही. त्याच पावसाळ्याआधी तुमची माणसं रंगाचे डबे घेऊन आमच्या वस्तीत आली. गळक्या पत्र्यांवर फुलं आणि फुलपाखरं काढून गेली. तुमच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर माझी सून त्या फुलपाखरांपुढे उभी आहे. त्याच पत्र्याखाली जुलैमध्ये तिने बाळाची झोळी रात्रीतून तीन वेळा हलवली. तो रंग खासगी मालमत्तेवर नव्हता का?

कायद्याची ढाल पुढे करू नका. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचा 2 टक्के भाग समाजकार्यावर खर्चायचा असतो; तुमच्याकडे येतो तो हाच पैसा. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात झोपडपट्टी विकास स्पष्ट लिहिलेला आहे. परिशिष्टाचा अर्थ उदारपणे लावा, असं सरकारने 2014 च्या परिपत्रकात सांगितलं आहे. आणि आमच्या प्रस्तावाचं दुसरं पान तुम्ही उघडलंच नाहीत. जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची राहील, कोणीही घर विकून नफा कमावणार नाही, हे तिथेच लिहिलं होतं.

सहकारी घर म्हणजे आम्ही काढलेलं नवं खूळ नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था 1915 मध्ये उभी राहिली. ती शिकल्यासवरल्या नोकरदारांची होती, म्हणून कोणी नाक मुरडलं नसेल. पण सोलापूरजवळ कुंभारीला जाऊन पाहा. तिथे विडी वळणाऱ्या बायकांची 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. केंद्राचं अनुदान, राज्याचं अनुदान आणि बायकांचा स्वतःचा हिस्सा मिळून ती उभी राहिली. त्याआधी त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथे घरं दिली गेली. पुढे असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचं रे नगर आलं. त्यातली 15,000 घरं जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिली गेली. दोन वेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांना जे पटलं, ते तुमच्या समितीला पटत नाही.

आमच्या प्रत्येकीने महिन्याला 500 रुपये भरले, 36 महिने, एकही हप्ता न चुकवता. बँकेत 11 लाख 52 हजार जमले आहेत. आम्हाला दान नको. विसार, मोजणी, वास्तुविशारदाची फी आणि बिनशेती परवानगी यांपुरती उरलेली रक्कम परतबोलीने द्या. बँकेचं कर्ज सुटलं की पहिली परतफेड तुमची.

आठवी बैठक आमच्या वस्तीत घ्या. दुपारी दोननंतर या, तोवर आम्ही तुमच्यासारख्यांच्या घरी भांडी घासत असतो. येताना रंग आणू नका. हो की नाही ते मराठीत, सहीनिशी लिहून आणा.

मुख्य प्रवर्तक,
64 सभासदांच्या वतीने