‘जवळचा चांगला डॉक्टर’ : तीन पदांची मीमांसा

अमेरिकेतल्या डॉक्टरांची सरकारी यादी धुंडाळणारं एक टूल आहे, आणि त्याचं वर्णन लिहिण्याचं काम पुण्यात माझ्याकडे आलं. वर्णन चार ओळींचं. वाचणार एआय एजंट. पेशंट काहीतरी विचारणार. मग एजंट हे वर्णन वाचून टूल वापरायचं का, आणि वापरलं तर कुठल्या रकान्यात काय भरायचं, ते ठरवणार. चार ओळींना तीन आठवडे लागले. सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला मुलगा झाल्याइतका आनंद होतो, असं आपल्याकडे म्हणतात. आम्हाला तो एखादं टोकन वाचल्यावर होतो. (वर्णन इंग्रजीत आहे. त्यावरची भांडणं मराठीत झाली, म्हणून हा प्रबंध मराठीत.)

विवेच्य वाक्य एकच : ‘जवळचा चांगला डॉक्टर सांग.’ आजवर मी लिहिलेली मॅन्युअलं कुणी वाचल्याचा पुरावा उपलब्ध नाही. एजंट मात्र वाचतो, अक्षरन्‌अक्षर वाचतो आणि वर तसाच वागतो. असा वाचक लाभला की लेखकाची झोप उडते.

प्रथम ‘डॉक्टर’. 1996च्या हिपा कायद्याच्या पोटातून अमेरिकेत प्रत्येक वैद्यकीय सेवादात्याला दहा आकडी क्रमांक देण्याची व्यवस्था निघाली आणि 2007पासून ती व्यवहारात सक्तीची झाली. हा एनपीआय. प्रकार 1 म्हणजे माणूस, प्रकार 2 म्हणजे संस्था. हे न सांगितल्यास एजंट पेशंटला अख्ख्या हॉस्पिटलची ‘डॉक्टरसाहेब’ म्हणून ओळख करून देतो. शिवाय प्रत्येकाच्या व्यवसायाचा दहा अक्षरी कोड असतो. त्या कोडांच्या पोथीत हृदयविकारवाले आहेत, दातवाले आहेत, गुरांचे डॉक्टर आहेत, अजून शिकत असलेले विद्यार्थी आहेत आणि 344600000एक्स या कोडखाली चक्क टॅक्सी आहे. ‘कार्डिऑलॉजिस्ट’ मात्र त्या नावाने नाही. तो ‘इंटर्नल मेडिसिन, कार्डिओव्हॅस्क्युलर डिसीज’ या नावाखाली दडून बसलाय. हे माहीत नसलेला एजंट रिकाम्या हाताने परततो आणि या राज्यात हृदयाचा डॉक्टर नाही, असं पेशंटला कळवतो. तेही ज्याच्या छातीत दुखतंय त्याला.

द्वितीय ‘जवळचा’. पहिल्या खर्ड्यात मी बेधडक ‘जवळचे डॉक्टर शोधतो’ असं लिहिलं होतं. पूर्वपक्ष असा की यादीत पत्ता आहे, तेव्हा जवळ-लांब आलंच. खंडन असं की यादीत पत्ते निदान दोन आहेत : एक दवाखान्याचा, दुसरा टपालाचा. चाचणीत एजंटाने दुसरा उचलला. पेशंट खरा असता तर गुडघा धरून बिलं बनवणाऱ्या कचेरीच्या दारात उभा राहिला असता. अंतर मोजणं तर यादीच्या गावीच नाही. तिला टपालाचा पिनकोडसदृश आकडा कळतो, आणि आकडे शेजारी असले म्हणून गावं शेजारी असतात असं नाही. ‘मारुतीच्या देवळामागे, गिरणीच्या वर’ हा आपला पत्ता शास्त्रदृष्ट्या किती पुढारलेला होता, हे मला त्या दिवशी कळलं. ‘जवळचे’ खोडलं.

इथे एक उपप्रकरण घालणं भाग आहे. एजंट कधीकधी एनपीआय मनाने रचतात. त्याला उतारा शेवटच्या आकड्यात आहे. तो आधीच्या नऊ आकड्यांवरून, आयबीएमच्या हान्स पीटर लूनच्या रीतीने काढतात. मी वाण्याच्या बिलामागे करून पाहिलं. 123456789 घ्या. उजवीकडून एकाआड एक आकडे दुप्पट करा, दुप्पट दोन अंकी झाली तर तिचे अंक एकमेकांत मिळवा, मग सगळ्यांची बेरीज : 43. त्यात 24 मिळवा; हे 24 सगळ्या एनपीआयपुढे गृहीत धरलेल्या 80840चे. झाले 67. पुढच्या दशकाला 3 कमी, म्हणून शेवटचा आकडा 3. बायकोने विचारलं, तूरडाळीचा हिशेब चुकलाय का? ही चाळणी आंधळेपणाने रचलेल्या दहा क्रमांकांतले नऊ पकडते. दहावा सुटतो, त्याला यादीतच शोधावं लागतं.

मोजदादीबद्दल थोडक्यात. सांगितलं नाही तर यादी दहाच नावं देते, मागितली तर एका वेळी 200, आणि पुढची पानं उलटत गेलात तरी 1200च्या पलीकडे जाऊ देत नाही. ‘निकालांची संख्या’ म्हणून जो आकडा येतो तो हाती दिलेल्या नावांचा, एकूण नावांचा नव्हे. त्यामुळे टेक्सासात पटेल आडनावाचे डॉक्टर फक्त दहा आहेत, असा शोध आमच्या एजंटाने लावला.

आता ‘चांगला’. या पदाला यादीत रकानाच नाही. सरकारने तिथे स्पष्ट बजावलंय की हा क्रमांक मिळाला म्हणजे माणसाकडे परवाना आहे, याचीही हमी नाही. प्रॉडक्ट मॅनेजरबाईंचा पूर्वपक्ष : ‘अहो, निदान “योग्य डॉक्टर शोधायला मदत करतो” एवढं तरी लिहा, फार कोरडं वाटतंय.’ मी म्हटलं, बाई, ‘योग्य’ म्हणजे ‘चांगला’च, फक्त इस्त्री केलेला. वाद दोन दिवस चालला, आणि चौथी ओळ अशी ठरली : हे टूल नोंद दाखवतं, गुणवत्ता सांगत नाही.

एजंटाने ती निमूटपणे वाचली. चाचणीत पेशंट बनलेल्या पोराला तो नम्रपणे म्हणाला, कोण चांगला ते मला सांगता येणार नाही. आणि त्याखाली 1 ते 10 असे आकडे घालून दहा नावं दिली. पोराने अर्थातच पहिलं निवडलं.

म्हणून पाचवी ओळ : क्रम म्हणजे दर्जा नव्हे. सध्या ‘क्रम’ ठेवायचा की ‘अनुक्रम’, यावर बैठक आहे. गुरुवारी, साडेचारला.