तात्यांचं फडकं

तात्यांच्या फडक्याला फडकं म्हटलेलं त्यांना खपत नाही. "फडकं तुमच्या घरी. हे मायक्रोफायबर आहे!" निळं चष्म्याला, पिवळं गाडीला, हिरवं ओट्याला. काकूंनी एकदा हिरव्याने आरसा पुसला, तर दोन दिवस घरात अबोला.

सकाळी सातला पार्किंगमध्ये चौदा वर्षांची मारुती पुसण्याचा सोहळा. फडक्याची दोनदा घडी घातली की आठ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी. तेवढ्यात कुणी सापडलं की धडा सुरू. "हा धागा ९००० मीटर घ्या, एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, बोला! पॉलिएस्टर आणि नायलॉन जोडीनं ओढायचं आणि मग धागा उभा चिरायचा. त्या फटींत धूळ अडकते." ते ९००० मीटर ऐकता ऐकता माझ्या किती बस चुकल्या, त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही.

दिवाळीत नात आली. ती पर्यावरण शिकते. "आजोबा, हे प्लास्टिकच की! धुतलं की तंतू सुटतात आणि नाल्यातून नदीत जातात. एका कपड्यातून एका धुण्यात १९००हून जास्त तंतू सुटू शकतात, २०११ सालीच मोजलंय."

तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. तिच्या अंगातलं फ्लीसचं जॅकेट चिमटीत धरून म्हणाले, "आणि हे काय कापसाचं आहे?" मग स्वतःची पँट पाहिली, काकूंची जॉर्जेट पाहिली आणि गप्प झाले.

दुसऱ्या दिवसापासून फडक्यांना मशीनबंदी. बादलीत गार पाणी, हलक्या हातानं खळबळायचं, घासायचं नाही. मग ते पाणी गाळायचं, तेही काकूंच्या चक्का टांगायच्या मलमलीतून! सगळं अडकत नाही हे तात्यांनाही ठाऊक आहे. पण जो करडा लोकरीसारखा गाळ निघतो, तो वाळवून बरणीत भरतात. ९००० मीटर मागे पडले, आता आल्यागेल्याला बरणी दाखवतात. "बघा, पण फुंकर मारू नका हं!"

परवा पाडव्याला त्यांच्याकडे जेवायला होतो. श्रीखंड डब्यातलं होतं. मी काही विचारलं नव्हतं, तरी वाढता वाढता काकूच म्हणाल्या, "आमच्या सासूबाई जुन्या लुगड्याची फडकी करायच्या. काचेवर डाग राहायचे हो, पण चक्का घरचा असायचा."