कानाच्या पाळीला हात

ख्याल गाणारा उस्तादांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. मार्च १९९० मध्ये मॅडोनाचं 'व्होग' आलं, तेव्हा तो हात वर गेलाच नाही. गाण्यात नावं सोळा आहेत: ग्रेटा गार्बो, मर्लिन मन्रो, मार्लन ब्रँडो... सगळे गोरे, सगळे आधीच जगाला ठाऊक. ज्यांच्या नाचावर ते गाणं उभं आहे, त्या न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एकाचंही नाव नाही.

हार्लेमच्या 'बॉल' नावाच्या स्पर्धांमध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, पारलिंगी पोरं नटूनथटून उतरायची. गोऱ्यांच्या सौंदर्यस्पर्धांतला भेदभाव सोसून कंटाळलेल्या क्रिस्टल लबेजाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःचं 'हाउस' काढलं, आणि मग एकेक हाउस उभं राहत गेलं. हाउस म्हणजे घराणंच. प्रमुखाला 'आई' म्हणायचं, घराण्याचं नाव आडनाव म्हणून लावायचं. जन्मदात्यांनी उंबऱ्याबाहेर काढलेल्यांना तिथे छप्पर मिळायचं. आपल्याकडच्या तृतीयपंथीयांच्या घराण्यांशी हे नातं किती जुळतं! स्पर्धेचा एक प्रकार तर काळजाला चटका लावतो: बाहेर जी नोकरी कुणी देणार नाही, तिचा सूट अंगावर चढवून साहेबासारखं चालून दाखवायचं. आणि तिथला नाच, व्होगिंग, म्हणजे 'व्होग' मासिकातल्या मॉडेलच्या एकेक पोझ, तालावर गोठवलेल्या. १९८० च्या दशकात एड्सने ही घराणी पोखरली. तरी बॉल थांबले नाहीत.

मॅडोनाने होझे आणि लुईस या दोन बॉलच्या पोरांना नृत्यदिग्दर्शन दिलं, जगभर दौऱ्यावर नेलं. त्याचं मोल मी मानतो. पण लोक व्होगिंगला मॅडोनाचा नाच म्हणू लागले, ते म्हणूच लागले.

बियॉन्सेने २०२२ मध्ये 'रेनेसान्स' हा अल्बम आणला तो हाउस संगीत, डिस्को आणि बॉलच्या मातीतला. या संगीताची ओळख करून देणाऱ्या अंकल जॉनीचं ऋण तिने सांगितलं. २०२३ च्या ग्रॅमी सोहळ्यात, सर्वाधिक ग्रॅमींचा विक्रम करणारा पुरस्कार हातात असताना, ही शैली ज्यांनी घडवली त्या क्विअर समाजाचे आभार मानले. 'ब्रेक माय सोल'च्या एका रिमिक्समध्ये तर तिने 'व्होग'च घेतलं, मॅडोनाला सोबत ठेवून. जिथे हॉलिवूडचे तारे होते तिथे आता कृष्णवर्णीय गायिका आणि बॉलची घराणी आली. ३२ वर्षं लागली, पण हात कानाला लागला.

आणि त्याच अल्बमात गायिका केलिसच्या गाण्याचा एक तुकडा तिला न विचारता वापरला गेला. कागदावर गीतकार म्हणून निर्मात्यांची नावं होती, केलिसचं नव्हतं; त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. तिने जाहीर संताप व्यक्त केल्यावर तो तुकडा काढला. मला काढणं नको होतं. रेकॉर्डिंगच्या आधी तिला एक फोन हवा होता.