पेन्सिलीला न घाबरणारी गाडी

रोह्याच्या आमच्या एका स्नेह्यांनी नवी गाडी घेतली आणि पेढे वाटायच्या आधी तिला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. ‘९ एच आहे!’ ते म्हणाले, पोरगं बोर्डात आल्याच्या थाटात. आता हे ९ एच म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप. त्या नंबराच्या पेन्सिलीने रेघ ओढली तरी चरा उठत नाही. रोहा ते पेण वाटेत पेन्सिल घेऊन गाडीवर धावून येणारं अजून तरी कुणी भेटलेलं नाही. येते ती डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी, अस्सल काळ्या दगडाची. तिला पेन्सिलींचे नंबर कोण शिकवणार?

मग दुकानदाराने फिल्म सुचवली. सुमारे २०० मायक्रॉन जाडीचं पारदर्शक पॉलियुरेथेन. हे मात्र खरंच खडी झेलतं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने हेलिकॉप्टरच्या पात्यांवर असलीच फिल्म चढवली होती. वडखळ-नागोठण्याला ती पुरेल का, एवढाच प्रश्न. शिवाय किरकोळ चरे उन्हाने आपोआप बुजतात म्हणे. जुलैत रोह्याला ऊन आणायचं कुठून? गरम पाणीही चालतं, असं कळल्यापासून स्नेह्यांच्या घरचा बंब आधी गाडीसाठी तापतो, मग माणसांसाठी.

आपोआप बुजायची सोय वाटेतल्या मुंबई-गोवा महामार्गालाही आहे, फक्त वर्षातून एकदा. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून श्रावण लागला की पाहणी दौरे निघतात, ‘गणपतीपूर्वी’ अशी मुदत पडते, खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक बसतात आणि बाप्पांच्या मागोमाग त्यांचंही विसर्जन होतं.

पेणकर हे सगळं पाहून मिशीत हसत असणार. दीड दिवसात पाण्यात जाणाऱ्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी श्वास रोखून करणारं हे गाव. त्याला रंगाची काळजी कुणी शिकवायची? तिथली फिल्म म्हणजे टेम्पोत मूर्तीवर टाकलेला प्लास्टिकचा कागद. मूर्ती याच रस्त्याने जाते आणि गिऱ्हाईक पाच वर्षांची वॉरंटी मागत नाही.

स्नेह्यांनी अखेर आधीचं कोटिंग घासून काढलं, फिल्म चढवली आणि तिच्यावर पुन्हा कोटिंग केलं. लाखाच्या वर गेले. इतक्या पैशांचा रंग रस्त्यावर न्यायचा जीव होईना, म्हणून गाडी दारात ताडपत्रीखाली असते. पेणला काम निघालं की ते दिवा-रोहा मेमूने जातात, खिडकीची जागा धरून.