दोन साडू आणि एक लाख दहा हजार

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतं आणि त्यानंतरच्या शनिवारी मिशिगन आणि ओहायो या शेजारी राज्यांच्या विद्यापीठांचा फुटबॉल सामना. माझी मधली मेव्हणी मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला, धाकटी ओहायोतल्या कोलंबसला. दोघींचे नवरे आपापल्या गावच्या विद्यापीठात शिकले आणि तिथेच चिकटले. २०२३ साली सामना अ‍ॅन आर्बरला होता म्हणून सगळं सासर तिथे जमलं, आणि पुण्याहून आम्ही दोघंही.

गुरुवारी टर्की कापेपर्यंत साडूंचं एकमेकांशी बरं चाललं होतं. शुक्रवारी सकाळी धाकटा साडू लालभडक टी-शर्ट घालून पोह्यांना आला. यजमान साडूने त्याच्याकडे ढुंकूनही न बघता मला म्हटलं, "दादा, त्यांना विचारा, आणखी पोहे हवेत का." लाल हा ओहायोचा रंग. मिशिगनचा निळा आणि मक्याच्या दाण्याचा पिवळा. त्या आठवड्यात त्या घरात टोमॅटो केचपची बाटलीसुद्धा फ्रिजच्या मागच्या बाजूला होती.

कोलंबसची तऱ्हा आणखी वेगळी. सामन्याच्या आठवड्यात तिथल्या कॅम्पसवरच्या पाट्यांवर जिथे जिथे एम् हे अक्षर असेल तिथे तिथे लाल फुली मारतात. धाकट्याचं आडनाव 'म'वरून सुरू होतं. आपल्या दारावरच्या पाटीवर त्याने स्वतःच्या हाताने फुली मारून ठेवली होती. ओहायोचे जुने कोच वुडी हेज मिशिगनचं नावही तोंडाने घेत नसत, आणि पेट्रोल संपत आलं तरी मिशिगनच्या पंपावर थांबायला तयार नव्हते, असं सांगतात. धाकट्यानेही येताना टोलेडोत टाकी फुल्ल करून घेतली होती.

हे टोलेडोच तर मूळ भांडणाचं गाव. १८३५ साली मिशिगन अजून राज्यही झालं नव्हतं तेव्हा टोलेडोची पट्टी कुणाची यावरून दोघांनी आपापल्या फौजा सीमेवर आणल्या. युद्धात सांडलेलं रक्त एवढंच, की मिशिगनच्या एका डेप्युटी शेरीफला कुणीतरी खिशातला चाकू मारला, आणि तोही वाचला. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं. मिशिगनला राज्याचा दर्जा आणि उत्तरेकडचं थंडगार द्वीपकल्प मिळालं. या तडजोडीला मिशिगनने मान तुकवली ती १८३६च्या डिसेंबरात, याच अ‍ॅन आर्बरमध्ये. नंतर त्या द्वीपकल्पात तांबं आणि लोखंड निघालं, त्यामुळे फसलं कोण यावर पोह्यांच्या वेळी तासभर वाद होऊ शकतो. झाला.

धाकटा साडू मूळचा बेळगावचा. 'बेळगाव आमच्या हक्काचं' ऐकत लहानाचा मोठा झालेला माणूस, ज्याला गाव मिळालं त्याच्या बाजूने तावातावाने बोलत होता. यजमान साडू, म्हणजे थोरला, साताऱ्याचा. त्याचा सीमावादाशी काडीचा संबंध नाही, पण टोलेडो गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बारा-पंधरा वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन इथे आलेल्या या दोघांनी घरं घेतली, नागरिकत्व घेतलं आणि जाता जाता इथल्या लोकांचं जवळजवळ दोनशे वर्षांचं भांडणही अंगावर घेतलं. अमेरिकेत रुळणं म्हणजे काय, ते मला त्या सकाळी कळलं.

सामना दुपारी बाराचा, पण आम्ही थंडीत कुडकुडत सकाळी आठलाच निघालो. गावची वस्ती सव्वा लाखाच्या घरातली आणि स्टेडियम एक लाख सात हजार सहाशे एक माणसांचं, म्हणजे गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न गावाने फार पूर्वी सोडवलेला आहे. स्टेडियमजवळचे लोक घरापुढच्या हिरवळीवर गाड्या लावून घेतात आणि नोटा मोजत खुर्ची टाकून बसतात. आम्ही विद्यापीठाच्या गोल्फ कोर्सवर गेलो. एरवी जिथे बूट जपून टाकायचे, तिथे ओळीने ट्रक उभे होते आणि प्रत्येकाच्या मागच्या फळीवर संसार मांडलेला होता.

आमच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ शेगडीवर सॉसेज भाजत होते. टोपीवर बिल्ले इतके, की टोपीचा रंग दिसत नव्हता. ते "गो ब्ल्यू" म्हणाले. मी "गुड मॉर्निंग" म्हणालो. मेव्हणीने कोपराने ढोसलं, "दाजी, याला उत्तर 'गो ब्ल्यू'च." मी ते म्हणताच त्यांनी माझ्या हातात सॉसेज दिलं, बायकोने त्यांच्या हातात बटाटेवडा दिला. वडा खाऊन त्यांनी डोळे मिटले आणि थर्मासमधलं काहीतरी माझ्या चहात ओतलं. चहा बरा लागला. तेवढ्यात धाकट्याने गर्दीकडे तोंड करून "ओ-एच!" अशी आरोळी ठोकली. तीन ट्रक पलीकडून, चेहराही न दिसणाऱ्या कुणीतरी "आय-ओ!" असं उत्तर दिलं. शेगडीवाल्या आजोबांनी हात पुढे करून त्याचा उरलेला वडा काढून घेतला.

स्टेडियम १९२७ सालचं. बाहेरून ते फारसं उंच दिसत नाही, कारण बरंचसं जमिनीत खणलेलं आहे. आपण रस्त्यावरून आत शिरतो आणि पायाखाली एकदम खोल विहीर उघडते. दारावर बायकोची चिवड्याची कापडी पिशवी परत पाठवली गेली, हा या सहलीतला सर्वांत करुण प्रसंग. बसायला लांबच लांब बाकं, त्यावर आकडे रंगवलेले. दोन आकड्यांमधलं अंतर उन्हाळ्यातल्या सडपातळ माणसाच्या बेताचं आहे. नोव्हेंबरातल्या चार थर कपड्यांचा हिशेब कुणी धरलेला नाही. क्षमतेतला शेवटचा एक म्हणजे जुने कोच फ्रिट्झ क्रिस्लर यांची मानाची जागा. ती नेमकी कुठे, हे कुणाला सांगत नाहीत. माझी खात्री आहे की त्यांना माझ्या आणि साडूच्या मधे बसवलेलं असावं.

त्या दिवशी एक लाख दहा हजारांवर माणसं होती. १९७५पासून, कोविडचं वर्ष सोडलं तर, इथल्या एकाही सामन्याला लाखाच्या खाली गर्दी झालेली नाही. आणि मैदानात खेळणारी पोरं कॉलेजची. आमच्या कॉलेजच्या सामन्यांना प्रिन्सिपॉल आले तरी गर्दी झाली म्हणायचे.

खेळ सोपा आहे. चार खेपांत दहा यार्ड पुढे गेलं की आणखी चार खेपा मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याला. घड्याळात साठ मिनिटं, प्रत्यक्षात साडेतीन तास. मधला वेळ टीव्हीच्या जाहिरातींना दिलेला. मिशिगनचे मुख्य कोच जिम हार्बॉ मैदानात नव्हतेच. समोरच्यांच्या खाणाखुणा टिपल्याच्या प्रकरणात लीगने त्यांना तीन सामने बाजूला बसवलं होतं. धाकट्याने हे मला किती वेळा सांगितलं, त्याची गणती नाही. उत्तरादाखल थोरला १९५०वर गेला. तेव्हा कोलंबसला बर्फाच्या वादळात सामना झाला, दोन्ही संघांनी मिळून पंचेचाळीस वेळा चेंडू नुसता लाथेने उडवून लावला, आणि मिशिगन एकदाही ते दहा यार्ड पुरे न करता ९-३ने जिंकलं.

तिसऱ्या भागात मिशिगनच्या झॅक झिंटरचा पाय मोडला. त्याला गाडीवरून नेईपर्यंत एवढं मोठं स्टेडियम गप्प झालं. धाकट्याने टोपी काढली. लगेच पुढच्या खेपेला ब्लेक कोरम बावीस यार्ड पळाला, त्याने टचडाउन केला आणि बोटांनी झिंटरचा पासष्ट आकडा दाखवला. बिल्लेवाले आजोबा कुठून उगवले देव जाणे, त्यांनी मला मिठी मारली. मीही मारली. शेवटची पंचवीस सेकंदं उरली असताना ओहायोचा पास मिशिगनच्या रॉड मूरने पकडला आणि ३०-२४वर विषय संपला.

परतताना दोघं साडू एका गाडीत बसले, पण माझ्यामार्फत बोलले. पुढच्या वर्षी कोलंबसला मिशिगन १३-१०ने जिंकलं, झेंड्यावरून खेळाडूंची मैदानातच हाणामारी झाली आणि पोलिसांना पेपर स्प्रे मारावा लागला. त्या वर्षीचं थँक्सगिव्हिंग त्याआधीच दोन घरांत वेगवेगळं झालं होतं.

तुम्हाला जायचं असेल तर विषम सालच्या नोव्हेंबरात अ‍ॅन आर्बरला जा. सम साली सामना कोलंबसला असतो. हॉटेलवाले त्या शनिवार-रविवारी एका रात्रीसाठी खोली सहसा देत नाहीत, तेव्हा आधी नातेवाईक शोधा. चिवडा गाडीतच संपवा. आणि बॅग भरताना लाल स्वेटर घरी ठेवा, आईने विणलेला असला तरी.