फुकटचा मोत्या

मोत्या आमच्याकडे फुकट आला. मोसंबीच्या आडतीवर रिकाम्या क्रेटात झोपलेलं पिल्लू मुलानं शर्टात घालून आणलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "खाणार काय?" "दूधभाकर," तो म्हणाला. घरचं अंदाजपत्रक तिथंच मंजूर झालं.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची असते, हे कळल्यावर डॉक्टर शोधायला निघालो. ज्याला विचारावं तो आधी विचारी, "म्हैस काय?" कुत्रं म्हटलं की त्याचा उत्साह मावळे. आपल्याकडचा शब्दच 'ढोरांचा डॉक्टर'. त्यात कुत्र्यानं अंग चोरूनच बसायचं. तक्रार नाही. पोळा बैलाचाच असतो, कुत्र्याच्या वाट्याला त्या दिवशी पोळीचा काठ येतो.

सरकारी दवाखान्यात आमच्यापुढे टेम्पोतून आलेली एक म्हैस होती. जाफराबादची, जाफराबादी नव्हे. ती जात गुजरातच्या जाफराबादची, ही आपल्याकडच्या जाफराबाद तालुक्याची. तिच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर. म्हणजे म्हशीला आधार होता, मोत्याला फक्त माझा. तिच्या मालकानं मोत्याला न्याहाळलं.

"किती देतो?"

"राखण करतो," मी म्हणालो. तेवढ्यात म्हशीनं मान हलवली आणि राखणदार माझ्या पायांत शिरला.

"आमची आटली तर विकता येते. हे विकतं का?"

"नाही."

"मग बरंय. भाव पडायची भीती नाही."

डॉक्टर तरुण होता, परभणीच्या कॉलेजात शिकलेला. सुई टोचेपर्यंत तो मोत्याशी बोलत होता, नंतर माझ्याशी. लस दरवर्षी, जंताचं औषध ठरल्या वेळी, गोचिडांवर लक्ष, आणि माणसाच्या तापाच्या गोळ्या मनानं द्यायच्या नाहीत. "अन् आजारी पडल्यावर दवाखाना शोधत फिरू नका. कोण किती वाजेपर्यंत असतो, रात्री कोण फोन उचलतो, ते आत्ताच लिहून ठेवा." शेताकडच्या जनावरांसाठी 1962 हा नंबरही त्यानं सांगितला, लावला की सरकारी गाडी येते. माय म्हणाली, "चीनच्या लढाईचं साल. हा बरा ध्यानात राहील."

घरी आल्यावर वही काढली. लस, जंत, गोचीड अशा तीन ओळी लिहिल्या आणि बेरीज करून समाधानानं झोपलो. चौथी ओळ भादव्यानं लिहिली. कुणासाठी ते त्यालाच ठाऊक, पण मोत्या भांडून तीन पायांवर घरी आला. एक्स-रेला संभाजीनगर गाठावं लागलं. साठेक किलोमीटर. डॉक्टरच्या फीपेक्षा गाडीचं भाडं जास्त, आणि ड्रायव्हरनं सीट धुवायचे वेगळे घेतले. हाड शाबूत होतं. हे ऐकायला एवढे पैसे मोजले याचं मला तेव्हा वाईट वाटलं, नंतर वाईट वाटल्याचं वाईट वाटलं.

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," माय म्हणाली.

"कोंबडी चार आण्याची तरी होती."

मग तीच सांगत बसली. आमचे दादा सुगीचे पैसे आले की थोडे बाजूला काढून ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवायचे. त्याला घरात नाव होतं, 'बैल बसला तर'. बैल बसला नाही, पण घरातलं कुणीही, अगदी लग्नाच्या घाईतही, त्या पैशांना हात लावत नसे. आता कणगी नाही. म्हणून मी चहापत्तीचा रिकामा डबा घेतला, त्यावर 'मोत्या' लिहिलं आणि पगार झाला की त्यात काहीतरी टाकायचं ठरवलं. काही महिने तर घरातल्या वाढदिवसालासुद्धा कुणी त्या डब्याकडे पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात मोजले तर दोनशे कमी. मी सगळ्यांकडे पाहिलं. मायनं चष्मा पुसला.

"माझ्या बीपीच्या गोळ्या सरल्या होत्या. त्याला सांगूनच घेतले मी."