शेपटीला जू

फीनिक्सहून ग्रँड कॅन्यन पावणेचारशे किलोमीटर. पहाटे पाचला निघायचं, असं पुतण्याने बजावलं होतं. साडेआठ वाजले तरी आम्ही त्याच्या दारातच होतो.

पिकअपच्या मागे जोडायचं ते चाकांवरचं अख्खं घर होतं. पलंग, ओटा, संडास धरून वजन 6,000 पौंड, म्हणजे 2,700 किलो. त्यातला 10 ते 15 टक्के भार पुढच्या दांडीवर यायलाच हवा, नाहीतर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, असं पुतण्या सांगत होता. मी खुर्चीत सावरून बसलो. सातारच्या शेतकऱ्याच्या पोराला हा उलाळ शिकवतोय! बैलगाडी मागे जड झाली की जू वर जातं आणि गळ्यातले पट्टे आवळून बैलाचे डोळे पांढरे होतात, हे मी चड्डी सावरायच्या वयात शिकलोय.

"सगळं सामान पुढे घ्या," मी फर्मान सोडलं. तांदळाचं पोतं, पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार कॅन, हिचा कुकर, सगळं पुढे गेलं. दांडी पिकअपवर टेकली आणि पिकअप मागे बसला. पुढच्या चाकावरची कमान 38 इंचांवर होती, ती टेपवर 39 च्याही वर गेली.

"काका, बैल ओझं मानेवर घेतो. हा मागच्या चाकांच्याही मागे घेतो."

म्हणजे शेपटीलाच जू! पुढची चाकं अशी हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही नावापुरते.

त्यावर इलाज दोन जाड पोलादी दांड्यांचा. एक टोक पिकअपच्या मागच्या जोडणीत, म्हणजे हिचमध्ये, दुसरं साखळीने ट्रेलरच्या चौकटीला वर ओढून टांगायचं. हातगाडीच्या मुठी उचलाव्यात तसं पिकअपचं बूड उचललं जातं. थोडा भार पुढच्या चाकांवर जातो, थोडा ट्रेलरच्या चाकांवर. या दांड्यांना इथे 'स्प्रिंग' म्हणतात. मी ओढून पाहिलं. वाकवायला रेडा लागेल. पुतण्याने जॅक फिरवून ट्रेलरची जोडलेली दांडी पिकअपच्या बुडासकट वर घेतली, तेव्हा साखळी मुकाट्याने अडकली. जॅक उतरवला. साडेअडतीस. पुन्हा जॅक वर, एक कडी आत. सव्वाअडतीस!

"बास," पुतण्या घाम पुसत म्हणाला.

तेवढ्यात ही ट्रेलरच्या मागच्या दारातून उतरली. "पाणी आणि तांदूळ मी परत ओट्याखाली ठेवलेत हं. स्वयंपाकघर मागे आणि सामान पुढे, असं कुणी ठेवतं का?"

पुतण्या काही बोलला नाही. त्याने टेप पुन्हा कमानीला लावला.